चित्रकलेचा तास ‘फालतू’ नाही : मुलांना कल्पकतेची तालीम कशी मिळते?

पालक सभेला आई-वडील येतात, तेव्हा पहिला सवाल गणिताचा असतो, दुसरा इंग्रजीचा. चित्रकलेचं नाव निघालंच तर बहुतेक वेळा रंगपेटीच्या खर्चावरून. उल्हासनगर कॅम्प 2 काय किंवा अंबरनाथ-बदलापूर काय, आपल्या घरांत हाच नजारा दिसतो. अब्बा दिवसभर कामावर, अम्मी शिलाई मशीनवर. अशा घरात प्रत्येक रुपयाचा हिशेब होणारच. म्हणूनच या तासात नेमकं काय शिकवलं जातं, हे आम्ही शिक्षकांनी नीट समजावून सांगायला हवं.

कुठल्याही तिसरी-चौथीच्या मुलाला ‘चित्र काढ’ म्हणा. दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, कौलारू घर, बाजूला नदी. कॅम्पातल्या गल्लीत वाढलेल्या मुलाने असं घर बहुधा पाहिलेलंही नसतं. मग ते आलं कुठून? फळ्यावरून किंवा मोठ्या भावाच्या वहीतून. नक्कल केल्याने हात बसतो, हे खरं. पण काय काढायचं, कुठे काढायचं, कोणता रंग द्यायचा, यातलं काहीच मुलाने स्वतः ठरवलेलं नसतं. तयार उत्तर समोर नसताना स्वतःचा मार्ग शोधणं, यालाच आम्ही कल्पकता म्हणतो. ती पुढे कारखान्यात लागते, दुकानात लागते, परीक्षेतही लागते.

हा विचार काही आजचा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नव्या तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. पुस्तकाबरोबर हाताच्या कामातूनही मूल शिकतं, हा त्या योजनेचा पाया. त्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1944 मध्ये देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. त्यांचं शिक्षण शांतिनिकेतनात झालेलं. कला ही मुलाच्या वाढीचा भाग आहे, मोठ्यांच्या चित्राची नक्कल नव्हे, असं ते मानत. सेवाग्रामच्या अनुभवातून आलेले विचार त्यांनी पुढे पुस्तकातही मांडले.

प्राथमिक वर्गात हे उतरवायचं कसं? आम्ही फळ्यावर चित्र काढत नाही, सवाल टाकतो. ‘घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता आठवून काढ.’ ‘पहिल्या पावसात आपली गल्ली कशी दिसते?’ चाळीस मुलांची चाळीस चित्रं येतात. कुणाच्या चित्रात रिक्षा मोठी आणि घर लहान असतं. ते चूक नाही, मुलाला जे महत्त्वाचं वाटलं ते मोठं झालं. म्हणून शिक्षकाने मुलाच्या कागदावर आपली रेघ मारू नये. ‘हे काय काढलंस?’ ऐवजी ‘याबद्दल सांग ना’ म्हणावं. मूल बोलायला लागतं, भाषाही सुधारते. पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही; सगळी चित्रं भिंतीवर लावायची.

सामानासाठी खर्चही फार नको. आपलं शहर जीन्स आणि फर्निचरसाठी ओळखलं जातं. जीन्सची कात्रणं, लाकडाचा भुसा, रंध्याच्या सालपटी, खोक्यांचे पुठ्ठे. गोंद आणि वापरलेली वही असली की चिकटकाम सुरू. फक्त कात्रणं धुऊन घ्यावीत आणि भुसा लहानांच्या डोळ्यांत जाणार नाही, हे पाहावं.

काही पालक संकोचाने विचारतात, ‘टीचर, तस्वीर काढणं जायज आहे का?’ सवाल रास्त आहे. सजीवांच्या चित्राबाबत उलमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही कुणाच्याही मुलावर चेहरा काढायची सक्ती करत नाही. पण त्यासाठी पूर्ण तास सोडायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या पाहा. कंपासने वर्तुळ काढा, तोच पसारा कायम ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतात. एकेक सोडून खुणा जोडल्या की दोन त्रिकोण, त्यांतून सहा टोकांचा तारा. पुढची नक्षी प्रत्येक मुलाची वेगळी. गणिताच्या चौकटीच्या वहीत आपलं नाव चौकोनी कूफी पद्धतीने लिहायला दिलं, तर खत्ताती आणि मोजमाप दोन्ही होतं. मेहंदीच्या वेलबुट्ट्या तर आपल्या मुलींच्या बोटांतच असतात.

आता मार्कांचं बोलू. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. स्मरणचित्र आणि संकल्पचित्रात समोर नक्कल करायला काही नसतं. ‘सीनरी’वर वाढलेलं मूल तिथेच अडतं. पुढे इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यावर दहावीला वाढीव गुणही मिळतात.

अडचण कुठे आहे, तेही सांगायला हवं. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये कलेसाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आहे, तीही शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच सगळं पाहतात, आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी चित्रकलेचा जातो. याच कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत एवढंच विचारा, ‘या महिन्यात चित्रकलेचे किती तास झाले?’

आणि घरी मूल कागद घेऊन आलं की ‘छान’ म्हणून बाजूला ठेवू नका. दोन मिनिटं बसा, त्याला सांगू द्या. प्रोजेक्ट तुम्ही करून देऊ नका, बाजारातून तयारही आणू नका. वाकडं झालं तरी चालेल, ते त्याचं असू द्या.