गुळवेलीची ओळख आणि हरितलवकाची साक्ष

परभणी जिल्ह्यात बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल ओळखत नाही, असा शेतकरी विरळाच. पापुद्रे सुटणारी साल, हृदयाकृती गुळगुळीत पाने, फांद्यांवरून लोंबणारी दोऱ्यासारखी मुळे आणि खोडाच्या आडव्या छेदात दिसणारे चाकासारखे आरे, या तिच्या प्रमुख खुणा होत. तोडलेला तुकडाही पुन्हा फुटतो म्हणून संस्कृतात तिला ‘छिन्नरुहा’ असे समर्पक नाव आहे. बाजारात मात्र वेल येत नाही. येतात ते वाळलेल्या खोडाचे तुकडे व त्यांचे चूर्ण. पाने गेली की ओळखीच्या निम्म्या खुणा जातात आणि चूर्ण झाले की डोळ्यांना दिसणारे काहीच उरत नाही.

अडचण अशी की, गुळवेलीला जवळचे नातेवाईक आहेत. औषधात मान्य असलेली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचीच भावंडे म्हणजे पानांच्या खालच्या बाजूस लव असलेली टिनोस्पोरा सायनेन्सिस आणि खोडावर ठळक गाठी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा. यांपैकी क्रिस्पा ही ईशान्य भारत व आग्नेय आशियातील वेल असली, तरी सुक्या मालाच्या व्यापाराला जिल्ह्याच्या सीमा नसतात.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या काथ्याकुटाचा नाही. करोना साथीच्या काळात २०२० मध्ये घरोघरी गुळवेलीचे काढे घेतले जाऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातील निरनिराळ्या केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगून क्रिस्पासारख्या दिसायला जवळच्या जातीशी तिची गल्लत होण्याच्या शक्यतेकडे लक्ष वेधले. प्रत्येक वेळी दोष चुकीच्या वेलीचाच होता, असे मानणे घाईचे ठरेल. परंतु रुग्णाच्या पोटात नेमकी कोणती वेल गेली, हे निश्चित ठरल्याशिवाय या वादात कोणाचीच बाजू भक्कम होत नाही.

पेशीतील छोटा ग्रंथ

येथे हरितलवकाचे साहाय्य होते. पानाला हिरवा रंग देणारे व सूर्यप्रकाशातून अन्न तयार करणारे हे पेशीतील सूक्ष्म घटक. प्राचीन काळी पेशीत सामावलेल्या जीवाणूंपासून ते उद्भवले, असे विज्ञान मानते. म्हणूनच केंद्रकाहून निराळा असा त्यांचा स्वतःचा जनुकसंच असतो. तो चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. भाताच्या केंद्रकातील मजकूर सुमारे ४० कोटी अक्षरांचा, तर त्याच्या हरितलवकातील मजकूर अवघा सुमारे १ लाख ३४ हजार अक्षरांचा. शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे जुन्या, वाळलेल्या नमुन्यातूनही तो हाती लागण्याची शक्यता अधिक. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये तंबाखूचा असा जनुकसंच प्रथम संपूर्ण वाचला. तेव्हा ते कित्येक वर्षांचे काम होते. आता सुसज्ज प्रयोगशाळेला ते काही दिवसांत साधते.

दोन जवळच्या जातींचे हे ग्रंथ ओळीखाली ओळ ठेवून पाहिले, तर बहुतेक मजकूर सारखा आढळतो. अन्ननिर्मितीची जनुके सहसा बदलत नाहीत. त्यांत बिघाड झाला तर वनस्पती जगणारच नाही. बदल साठतात ते मुख्यतः दोन जनुकांमधल्या मोकळ्या जागांत. तेथे काही अक्षरे गळतात, काही वाढतात, काही पुनःपुन्हा येतात. संपूर्ण तुलनेचा खरा लाभ हाच की, नेमक्या कोणत्या ठिकाणी भावंडे एकमेकांपासून वेगळी पडतात हे कळते. एकदा ते ठिकाण सापडले की पुढे प्रत्येक पोत्यासाठी सबंध ग्रंथ वाचावा लागत नाही. तेवढीच ओळ तपासली की पुरते. २००९ मध्ये वनस्पतींच्या ओळखीसाठी हरितलवकातील दोन जनुके जगभर प्रमाण म्हणून सुचविली गेली. परंतु अगदी जवळच्या जातींत ती अनेकदा अपुरी पडतात.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. हरितलवक बहुतेक फुलझाडांत मातेकडूनच येते, त्यामुळे संकराचा पिता त्यातून कळत नाही. उकळलेल्या काढ्यात किंवा गुळवेलीच्या सत्त्वात वाचण्याजोगे अक्षर क्वचितच शिल्लक राहते. औषधी द्रव्य किती आहे, हे तर ते मुळीच सांगत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी.

गावाच्या नोंदवहीतील काम

प्रयोगशाळेतील तुलना एका साध्या गोष्टीवर उभी असते. ज्या वेलीचा जनुकसंच वाचला, ती खात्रीने ओळखलेली असली पाहिजे. मूळ नमुन्यावरच चुकीचे नाव असेल, तर पुढील प्रत्येक निर्णय त्याच चुकीची पुनरावृत्ती करील. डॉ. वि. ना. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या कामी आजही उपयोगी आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात व त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. जिंतूरच्या डोंगराळ भागातील किंवा गंगाखेडच्या गोदाकाठच्या गावाने नोंदवहीत नुसते ‘गुळवेल’ असे लिहिले, तर ती कोणती, हा प्रश्न तसाच राहतो.

शाळेतील विज्ञान शिक्षकांना हे काम विद्यार्थ्यांसह करता येईल. उन्हाळ्यात पाने झडलेल्या वेलीवर पिवळसर फुलांचे तुरे येतात; नर व मादी फुले निरनिराळ्या वेलींवर असतात, म्हणून दोन्ही पाहावीत. पाने असताना त्याच वेलीची फांदी पुन्हा घ्यावी. नमुना वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवावा व त्यावर गाव, गट क्रमांक, आधाराचे झाड, तारीख आणि स्थानिक नाव लिहावे. एक-दोन कोवळी पाने ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसह हवाबंद पिशवीत वेगळी ठेवावीत आणि कागदावरील नमुन्याचाच क्रमांक त्या पिशवीवर घालावा.