डागाळलेली पत आणि पहिलें घर

पत म्हणजे सावकाराच्या मनांतील विश्वास. भारतांत २००० सालीं सिबिल ही पतमाहिती संस्था स्थापन झाली आणि पुढें हा विश्वास ३०० ते ९०० या गुणांकांत मोजला जाऊं लागला. हप्ते चुकले कीं गुणांक उतरतो, आणि पहिलें घर घेऊं पाहणारें कुटुंब बँकेच्या दारांत अडखळतें.

परंतु उतरलेली पत कायमची बुडाली, असें नाहीं. गृहस्थानें अर्जापूर्वीं आपला पतअहवाल वाचावा. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून तो वर्षांतून एकदां विनामूल्य मिळतो. त्यांत चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं केली. तडजोडीनें मिटविलेल्या कर्जाची नोंद पूर्ण फेडीहून निराळी होते. शक्य तर बाकी भरून ती सुधारून घ्यावी.

बँक ३० लाखांपर्यंतचें गृहकर्ज घराच्या किंमतीच्या फार तर ९० टक्के देते. उरलेलें पदरचें घालावें लागतें. म्हणून पत सावरण्यांत गेलेलीं वर्षें वायां जात नाहींत. त्यांत तें भांडवलही सांठतें. चढ्या व्याजानें घाईघाईनें कर्ज काढणाऱ्यास मात्र त्या घाईचें मोल वर्षानुवर्षें मोजावें लागतें.