मुंबईच्या फितीवरचा हार्ड रॉक

हार्ड रॉक हा संगीतप्रकार ज्यांच्या कानांना सवयीचा नाही, त्यांना तो प्रथमतः केवळ आवाजाचा भडिमार वाटतो, आणि ही प्रतिक्रिया सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही, कारण आवाजाची तीव्रता हा या संगीताच्या रचनेचाच एक घटक आहे. विजेच्या गिटारचा संकेत अँप्लिफायरच्या क्षमतेपेक्षा अधिक जोराने त्यात सोडला की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात, मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात आणि त्यातून तो ओळखीचा राकट, खरखरीत नाद तयार होतो. या नादावर तीन-चार स्वरांचा एक छोटा, ठसठशीत तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला जातो, त्याला ‘रिफ’ म्हणतात, आणि ड्रम, बेस गिटार व गायकाचा वरच्या पट्टीतला आवाज या रिफभोवती उभे राहतात. मैफलीत हे सारे छातीवर आदळते. तबकडीवर किंवा फितीवर मात्र आवाजाचे बटण श्रोत्याच्या हाती असते. म्हणूनच हार्ड रॉकच्या ध्वनिमुद्रणापुढे एक पेच कायमचा राहिला आहे: तीव्रता गमावूनही जोर कसा टिकवायचा?

या पेचाची उत्तरे लंडन, न्यूयॉर्क वा टोकियोत शोधण्याची प्रथा असली, तरी १९७२ ते २००८ या काळात मुंबईतही या संगीताच्या, किंवा त्याच्या जवळच्या संगीताच्या, काही नोंदी झाल्या आणि त्यांतील फरक अभ्यासण्याजोगे आहेत.

त्यासाठी आधी तंत्राची थोडी ओळख आवश्यक आहे. एकाच फितीवर समांतर पट्ट्या आखून प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर नोंदवणे म्हणजे बहुट्रॅक ध्वनिमुद्रण, आणि नंतर त्या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून त्या एकत्र करणे म्हणजे मिक्सिंग. ‘डीप पर्पल’ या इंग्लिश बँडने डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे ‘मशीन हेड’ हा अल्बम मुद्रित केला, तेव्हा ठरलेला कॅसिनो आगीत जळाल्याने एका रिकाम्या हॉटेलच्या गल्ल्यांत वाद्ये मांडली गेली आणि बाहेर ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडचा ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेला ट्रक उभा करून तारा आत ओढण्यात आल्या. ऑगस्ट १९७२ मध्ये याच बँडच्या ओसाका आणि टोकियोतील तीन मैफलींवरून ‘मेड इन जपान’ हा अल्बम सिद्ध झाला. मार्टिन बर्च या ध्वनिमुद्रकाने तो आठ ट्रॅकवर टिपला आणि नंतर स्टुडिओत बसून चुकांवर पांघरूण घालण्याचा मार्ग टाळला गेला. प्रत्यक्ष मैफलीचे अल्बम त्या काळात सर्रास दुरुस्त केले जात असल्याने हा संयम विशेष ठरला, आणि आजही हार्ड रॉकचा जोर घरबसल्या समजून घ्यायचा असेल तर स्टुडिओतील बहुतेक अल्बमांपेक्षा ही दुहेरी तबकडी अधिक उपयोगी आहे.

मैफलीच्या चित्रपटात दुरुस्तीचा मोह याहूनही मोठा असतो, कारण तेथे आवाज आणि दृश्य दोन्ही जुळावे लागतात. ‘लेड झेपलिन’च्या न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील जुलै १९७३ च्या मैफली चित्रित झाल्या, पण संकलनाच्या वेळी काही गाण्यांची दृश्ये अपुरी असल्याचे लक्षात आले, तेव्हा १९७४ मध्ये इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत रंगमंच पुन्हा उभारून वादकांनी आपल्याच वादनाची नक्कल केली. जॉन पॉल जोन्स या बेस गिटारवादकाचे केस दरम्यान कापलेले असल्याने त्याला टोप घालावा लागला. ‘द साँग रिमेन्स द सेम’ या नावाने १९७६ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट मैफलीचा दस्तऐवज म्हणून पाहिला जातो, परंतु तो अंशतः नाटक आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याच्याकडे पाहणे योग्य.

याच बँडचे दोन सदस्य, गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट, १९७२ मध्ये मुंबईत आले होते. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये त्यांनी अनौपचारिक वादन केले, ही गोष्ट मुंबईच्या रॉकप्रेमींमध्ये पुष्कळदा सांगितली जाते. मात्र सांगीतिक दृष्ट्या अधिक मोलाचे काम स्टुडिओत झाले. ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी त्यांनी येथील वादकांसह नव्याने मुद्रित केली. ‘फोर स्टिक्स’ची लय पाच आणि सहा मात्रांच्या खंडांत आळीपाळीने फिरते, मूळ मुद्रणात जॉन बॉनम याने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ड्रम वाजवल्यामुळे गाण्याला ते नाव मिळाले. अकरा मात्रांचा रुद्र ताल ठाऊक असलेल्या परंपरेला अशी विषम लय परकी नाही, पण आवर्तन, सम आणि ठेका यांच्या आधाराने लय धरणारा वादक आणि रिफच्या तुकड्यांवरून ती मोजणारा वादक यांची मोजण्याची रीत वेगळी असते. मुंबईच्या त्या मुद्रणात ही ओढाताण ऐकू येते, आणि त्याचे खरे आकर्षणही तेथेच आहे, कारण गिटारची विकृत गर्जना आणि ड्रमचा प्रहार बाजूला होताच त्या गाण्याचा सांगाडा उघडा पडतो व हार्ड रॉकमध्ये आवाजाखाली किती लयकारी दडलेली असते हे दिसते.

हे मुद्रण त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. बँडच्या परवानगीविना विकल्या जाणाऱ्या, ‘बुटलेग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चोरट्या प्रतींतून ते अनेक वर्षे फिरत राहिले आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे उपलब्ध झाले. मधल्या काळात, १९९४ मध्ये, पेज आणि प्लांट यांनी एमटीव्हीसाठी चित्रित झालेल्या ‘नो क्वार्टर’ या प्रकल्पात हीच दोन गाणी पुन्हा घेतली होती; त्या वेळी साथीला इजिप्शियन वादक होते. मुंबईत सुचलेली कल्पना बावीस वर्षांनी पूर्ण झाली, ती दुसऱ्याच भूमीतील वाद्यमेळासह.

मुंबईतील मैफल चित्रपटात येण्याचा पुढचा टप्पा १९८० चा. ‘द पोलीस’ हा बँड काटेकोरपणे हार्ड रॉकमध्ये मोडत नाही, तरी त्याचा उल्लेख आवश्यक आहे, कारण मार्च १९८० मध्ये धोबीतलाव येथील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात त्यांनी मैफल केली आणि त्या जगप्रवासावरील ‘पोलीस अराउंड द वर्ल्ड’ या चित्रपटात मुंबईची दृश्ये समाविष्ट झाली. अशा प्रवासपटांत शहर बहुधा रंगीबेरंगी पार्श्वभूमी म्हणूनच येते, आणि येथेही फारसे वेगळे घडलेले नाही.

संपूर्ण मैफल टिपण्याचा प्रयत्न दिसतो तो डीप पर्पलच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या चित्रफितीत. एप्रिल १९९५ मध्ये बँड मुंबईत आला, तेव्हा त्याची अवस्था नाजूक होती: संस्थापक गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९९३ मध्ये बाहेर पडला होता, स्टीव्ह मोर्स हा अमेरिकी वादक नुकताच आला होता, आणि त्याच्यासह केलेला पहिला अल्बम ‘पर्पेंडिक्युलर’ प्रसिद्ध व्हायला अजून अवकाश होता. चित्रीकरण साधे आहे आणि ध्वनीला ‘मेड इन जपान’ची भारदस्त खोली नाही. तरीही ही चित्रफीत पाहण्याजोगी आहे, कारण तीत एक नवा वादक दुसऱ्याच्या नावाने अजरामर झालेल्या रिफमध्ये स्वतःची जागा शोधत असताना दिसतो, आणि जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवून त्या शोधाला आधार देतो. झगमगाट आणि झपाट्याच्या संकलनात अशी घालमेल हरवली असती. चित्रफितीचे नावही योगायोगाने आलेले नाही: ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक रचना होती आणि तिच्यातील सुरावटीवरूनच डीप पर्पलचे ‘चाइल्ड इन टाइम’ हे १९७० चे गाणे घडले. त्या बँडनेही पुढे डीप पर्पलच्या एका रचनेवरून आपले गाणे बेतले, तेव्हा हिशेब फिटला असे म्हणायला हरकत नाही.

‘आयर्न मेडन’च्या ‘फ्लाइट ६६६’ या २००९ मधील चित्रपटाची घडण याच्या अगदी उलट आहे. हा बँड हेवी मेटल या हार्ड रॉकमधूनच निघालेल्या अधिक वेगवान, अधिक धारदार शाखेचा. त्याचे १९८० च्या दशकातील बहुतेक अल्बम ‘मेड इन जपान’ टिपणाऱ्या त्याच मार्टिन बर्चने निर्माण केले. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावरील मैफलीने बँडचा जगदौरा सुरू झाला. वादक, सहकारी आणि सारे सामान एकाच बोइंग ७५७ विमानातून फिरत होते आणि ते चालवणाऱ्या वैमानिकांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होता. ४५ दिवसांत २३ मैफली झाल्या, आणि सॅम डन व स्कॉट मॅकफेडियन या दिग्दर्शकांनी एका शहराचे एक गाणे अशी रचना केली. मुंबईच्या वाट्याला आरंभीचे ‘एसेस हाय’ आले. प्रवासपट म्हणून ही युक्ती उत्तम आहे. मैफल म्हणून ती तोकडी पडते, कारण हार्ड रॉकच्या मैफलीत तणाव गाण्यागणिक साचत जातो आणि येथे दर गाण्याला आकाश, गर्दी आणि प्रकाश बदलतो.

परदेशी बँडच्या या नोंदींच्या शेजारी मुंबईचा स्वतःचा हार्ड रॉक ठेवला की चित्र विषम दिसते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या बँडने परकीय गाणी वाजवण्याची महाविद्यालयीन स्पर्धांतील प्रथा सोडून स्वतःची इंग्रजी गाणी रचली. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारवादक मार्क सेल्विन व कळफलकवादक झुबिन बलापोरिया ही त्यातील ठळक नावे. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे अल्बम मुख्यतः कॅसेटवर खपले. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, आणि उपग्रह वाहिन्यांमुळे ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ आशियाभर पोहोचून त्याला एमटीव्हीचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. बँड पुढे विसर्जित झाला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व’ हा अल्बम काढला. परंतु त्याची कीर्ती ज्या प्रत्यक्ष वादनावर उभी राहिली, त्याची छाया स्टुडिओतील अल्बमांत आणि व्हिडिओंत फिकीच पडते.

ही कीर्ती बऱ्याच अंशी रंगभवनात घडली. १९८६ पासूनच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाचे ते दीर्घकाळ घर होते, आणि चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवरच्या भाईंदर पूर्वेतील तरुणाला तेथे जायचे तर परतीची लोकल चुकू नये म्हणून शेवटच्या गाण्यांवर पाणी सोडणे भाग होते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, आणि रुग्णालये व महाविद्यालये यांच्या शेजारी असलेल्या रंगभवनातील मैफली त्यामुळे थांबल्या. मोठे कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्याने भाईंदरकरांचा प्रवास कमी झाला, हा त्यातला एक अनपेक्षित लाभ. पण नवोदित स्थानिक बँडला ते मैदान परवडणारे नव्हते.

मैफल टिपण्याची तांत्रिक अडचण आता उरलेली नाही. ज्यासाठी माँत्रोत ट्रक उभा करावा लागला, ते काम आज मध्यम दर्जाचा डिजिटल मिक्सर करतो आणि प्रत्येक मायक्रोफोनची स्वतंत्र पट्टी साध्या संगणकावर नोंदवतो. हक्कांचा प्रश्न मात्र सुटसुटीत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांचा सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १० मे १९९५ पासून, म्हणजे डीप पर्पलच्या मुंबईतील मैफलीनंतर महिन्याभराने, लागू झाला. आरंभी २५ वर्षांची असलेली त्याची मुदत १९९९ मध्ये ५० वर्षे करण्यात आली. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट यांच्यासमोर बसलेल्या वादकांना असे कोणतेही संरक्षण नव्हते, आणि २०१५ च्या आवृत्तीत त्या दोन गाण्यांच्या नावांपुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच छापले आहे.