वीस पावसाळे, चार ताली

मस्कतहून निघालेलं विमान तीन तासांच्या आत मुंबईत उतरतं. तिथून आमच्या गावी पोचायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. पुणे, सातारा, कराड, मग पेठनाक्याला महामार्ग सोडायचा, शिराळा गाठायचं आणि वारणेच्या अंगानं कोकरूड, चरण करत डोंगराच्या पायथ्याशी. ऑफिसातले लोक विचारतात, सुट्टीत कुठं? मी म्हणतो, गावी. त्यांच्या लेखी ते परदेशातलं सुट्टीचं घर. आमच्या लेखी परदेशात आम्ही. पण वर्षातले तीस दिवस ज्या घरात राहायचं आणि उरलेले तीनशे पस्तीस दिवस ज्याची काळजी करायची, त्याला दुसरं नाव तरी काय द्यायचं?

घर वडिलांनी २००४ साली बांधलं. ते मुंबईत माथाडी होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पोती वाहिल्यावर हातात आलेल्या फंडातून तीन खोल्या आणि पुढं पडवी. घरामागं चढ, आणि त्या चढावर आजोबांनी रचलेल्या चार ताली. ताल म्हणजे उतारावरची माती धरायला रचलेली दगडाची सुकी भिंत. तिच्यामागं धरलेल्या पट्टीलाही आम्ही तालच म्हणतो. आजोबा दगड रचायला शिकले ते १९७२ च्या दुष्काळात, बंडिंगच्या कामावर. ‘सुकडी खाऊन शिकलेली विद्या’ असं ते म्हणायचे. त्यांच्या तालीत चुना नाही, सिमेंट नाही. खाली मोठे डबर, फटींत चिपा, मागं बारीक दगडांची भर, आणि सगळ्या भिंतीला डोंगराकडं थोडा झोक.

वडिलांच्या डोक्यात मात्र शेत नव्हतं, बाग होती. वरच्या तालीत रत्नागिरीहून आणलेली हापूसची सहा कलमं, दुसरीत चिकू आणि लिंबू, तिसरी आईची: अनंत, मोगरा, सोनचाफा. खालची भाजीपाल्याला. पहिलाच पावसाळा २००५ चा. जुलैत मुंबई बुडाली, पाठोपाठ कृष्णा-वारणेचं पाणी सांगलीकडं पसरलं. आमच्या ताली जागच्या हलल्या नाहीत. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं, हे कळायला चौदा वर्षं लागली.

बागेत एक खोट पहिल्यापासून होती, ती आमच्या रजेची. मस्कतच्या भारतीय शाळांना मोठी सुट्टी जून-जुलैत. म्हणजे आंबा संपल्यावर आम्ही पोचणार आणि पाऊस लागला की घरात बसणार. आमच्या हापूसचा आंबा मी वीस वर्षांत झाडावर पाहिला तो फोनच्या पडद्यावर. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातला, तोही हुकायचा. उलट ताल दुरुस्त करायची वेळ दिवाळीपासून मेपर्यंत, माती कोरडी असताना. त्या महिन्यांत आम्ही दुसऱ्याच देशात. पावसात एकच काम जमायचं, रोपं लावायचं. दर जुलैत आम्ही हौसेनं दहा-बारा खड्डे भरायचो, फोटो काढायचो आणि निघून जायचो. पुढच्या वर्षी त्यातली तीन दिसायची.

२०११ मध्ये वडील गेले आणि बाग माझ्या फोनवर आली. बघायला तात्या आणि काकी, माझे चुलत चुलता-चुलती. पहिला पेच पैशांचा. चुलत्याला पगार कसा द्यायचा? मी एकदाच ‘महिन्याचे किती पाठवू?’ असं विचारलं. तात्या इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं, फोन कट झाला. तेव्हापासून पैसे ‘खताला’ जातात, ‘औषधाला’ जातात, काकीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. हिशेब कुणी मागत नाही, पण दोन्हीकडं तो चोख असतो.

दुसरा पेच माझ्या हुशारीचा. भारनियमनाचे दिवस होते. मी मस्कतहून ठिबकसाठी टायमर नेला. पहाटे पाचला पाणी सुरू होईल असं लावून आलो. पहाटे पाचला गावात वीजच नसायची. तात्यांनी महिनाभर वाट पाहिली, मग टायमर काढून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला. तो तिथंच आहे. ठिबकच्या नळ्या पुढं उंदरांनी कुरतडल्या.

शिराळा तालुका पश्चिमेला चढत जातो तसा पाऊस वाढत जातो आणि जंगल जवळ येतं. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. वाघ आम्हाला कधी दिसला नाही. दिसली ती रानडुकरं. कंदाच्या वासानं ती तालीचा पायथा उकरतात. खालचा एक डबर सुटला की वरचे दहा सैल होतात आणि भिंतीला पोट सुटतं. दुसऱ्या तालीचं पोट मी २०१५ च्या जुलैत पाहिलं, आणि पुढच्या जानेवारीत खास आठ दिवसांची रजा काढून गेलो.

त्या आठ दिवसांत जे केलं, ते या वीस वर्षांतलं सगळ्यात महागडं काम. दगड रचणारा वडार मिळाला असता, पण त्याला महिना हवा होता. माझ्याकडं आठवडा. तालुक्याच्या गावचा एक ठेकेदार पाच दिवसांत सिमेंटची भिंत उभी करायला तयार होता. तात्या कडेला उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, “आरं, तालीचं नाक नगं बुजवू. तिला श्वास घ्याया लागतुय.” मी त्यांना पाणी जायला ठेवलेले चार पाइप दाखवले. ते काही बोलले नाहीत. भिंत सरळसोट, राखाडी, फोटोत फार छान आली.

तात्यांचं नाक म्हणजे दगडांमधल्या फटी. पावसात भिजलेली माती जड होते. तिच्यातलं पाणी बाहेर पडलं नाही तर ते भिंतीला मागून रेटतं. सुक्या तालीत पाणी हजार ठिकाणी पाझरतं. माझ्या भिंतीत चार ठिकाणी पाझरायचं, आणि दोन पावसाळ्यांत ते चारही पाइप गाळानं भरले.

५ ऑगस्ट २०१९. सोमवार, नागपंचमी. टीव्हीवर दिवसभर काश्मीर होतं आणि आमच्या भागात आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. सकाळी काकीचा फोन आला: दुसरी ताल बसली. भिंत अखंड फळीसारखी पुढं झुकली आणि तिसऱ्या तालीवर आडवी झाली. आईचा सोनचाफा खाली गाडला गेला. मी ओरडलो, तात्यांना म्हणावं माती तरी बाजूला करा, चर काढून पाणी वळवा. काकी शांतपणे म्हणाली, “आज पंचीम हाय. आज मातीला हात न्हाई लावायचा.”

हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी शिराळ्याची पंचमी समजून घ्यावी. बत्तीस शिराळ्यात बाया नागाला भाऊ मानतात. त्या दिवशी नांगर नाही, खणणं नाही, घरात विळीसुद्धा नाही. जिवंत नागांच्या मिरवणुका २०१४ नंतर न्यायालयाच्या आदेशानं थांबल्या, पण मातीला हात न लावण्याचा नेम कुठल्या आदेशानं आला नव्हता आणि गेलाही नाही. शिवाय सुकी ताल हे नागाचं घरच. आमच्या पहिल्या तालीत दर वर्षी कात सापडते. सिमेंटच्या भिंतीत कधी सापडली नाही, असं काकीनं मागाहून ऐकवलं. मी तेव्हा निघू शकलो नाही. निघालो असतो तरी कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं रस्ते बंद पडत होते.

त्याच नोव्हेंबरात आम्ही जबल अखदरला गेलो, ओमानच्या उंच डोंगरावर. सैकच्या पठाराच्या कड्यावर गुलाब आणि डाळिंबांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा आहेत, दगडाच्या सुक्या भिंतींवर उभ्या. पाणी फलजातून येतं, म्हणजे डोंगरातून काढलेल्या पाटातून. त्याची पाळी वेळेवर मोजतात, अर्ध्या तासाच्या हिशेबानं. पाणी वळवणारा माणूस बांगलादेशी निघाला. त्याची गावची जमीनही कुणीतरी तात्या सांभाळत असणार. भिंतींच्या फटींतून ओल पाझरत होती. मी तिथं उभा राहून बराच वेळ बघत बसलो, आणि बायकोनं विचारल्यावर काही नाही म्हणालो. सुक्या दगडी बांधकामाची कला युनेस्कोनं २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, युरोपातल्या आठ देशांच्या नावावर. आमच्या तात्यांना ते सांगितलं तर म्हणाले, “मग त्यास्नी बी डुकरं हायती का?”

ताल पुन्हा उभी राहिली ती करोनामुळं. २०२० च्या मे महिन्यात मुंबईची माणसं गावी परतली, चौदा दिवस शाळेत राहिली आणि मग हात रिकामे. विमानं बंद, त्यामुळं मी मध्ये पडायला नव्हतो, हे फार बरं झालं. तात्यांनी सात-आठ पोरांना घेऊन सिमेंटचे तुकडे घणानं फोडले, तेच भरीला वापरले आणि पंधरा दिवसांत ताल रचली. पोरं बहुतेक माझ्या वडिलांसारखीच माथाडी. वजन उचलायचं त्यांना शिकवावं लागलं नाही, ठेवायचं तेवढं शिकवावं लागलं. मी व्हिडिओवर बघायचो आणि तात्या मधूनच फोन पालथा ठेवायचे.

पुढच्या वर्षी परीक्षा झाली. २२ आणि २३ जुलै २०२१ ला शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरडी कोसळल्या, माणसं गेली. तिथं डोंगरच खाली आला, त्यापुढं चार फुटांच्या भिंतीचं कौतुक करू नये. आमच्याकडं ताल उभी राहिली, एवढंच लिहितो.

आता बाग वडिलांनी आखली तशी राहिलेली नाही. सहातली दोन कलमं उरली, त्यांचे आंबे वानरं आणि तात्यांची नातवंडं खातात. चिकूच्या जागी काकीनं हळद आणि अळू घातलं, म्हणजे जुलैत आम्हाला निदान वड्या मिळतात. तिसऱ्या तालीच्या काठावर वाळा आणि निगडी लावली; वाळ्याची मुळं माती बांधून ठेवतात आणि निगडीला जनावर तोंड लावत नाही. खालच्या तालीत तात्या भात करतात. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

२०२५ मध्ये पंचमी २९ जुलैला आली आणि आम्ही गावी होतो. शिराळ्यात केंद्राच्या परवानगीनं प्रबोधनासाठी २१ नाग धरल्याची चर्चा चालली होती. काकीनं पुरणाची दिंडं केली, पहिल्या तालीपाशी लाह्या ठेवल्या. मी सहज वर चढलो तर तिसऱ्या तालीच्या कोपऱ्यात एक डबर बोटभर पुढं आलेला दिसला. हात गेला होता, तेवढ्यात खालून काकीची हाक आली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. तात्यांना बोलावून दगड दाखवला. त्यांनी वाकून बघितलं, पायानं जरा चाचपलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “दिवाळी झाली की बघतो.”