बारा गुण कुणाला?

गाण्याला गुण देता येतात का? गणिताच्या उत्तराला देता येतात, धावण्याच्या शर्यतीत घड्याळ लावून क्रमांक काढता येतो. पण गाणे? एकाच्या डोळ्यांत पाणी आणणारी चाल दुसऱ्याला रडकी वाटते. तरीही माणसाला गाण्यांचे क्रमांक लावल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या पिढीने बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनला कान लावून 'बिनाका गीतमाला' ऐकली आणि आपले आवडते गाणे एक पायरी खाली घसरले म्हणून त्या रात्री जेवणावर राग काढला. अमीन सायानींनी क्रमांक जाहीर करावा आणि आम्ही वहीत टिपून घ्यावा, हा तेव्हाचा साप्ताहिक कुळाचार होता. हा नाद आपल्यापुरताच असेल असे मला कित्येक वर्षे वाटत असे. रुमानियात गेल्यावर कळले की तिथली मंडळी या बाबतीत आपल्याही दोन पावले पुढे आहेत.

युरोपात 1956 पासून 'युरोव्हिजन' नावाची गाण्यांची स्पर्धा दरवर्षी भरते. प्रत्येक देशाने एक गाणे पाठवायचे आणि इतर देशांनी त्याला गुण द्यायचे, असा साधा मामला. मात्र ते एक गाणे कोणते, हे ठरवण्यासाठी अनेक देशांत घरची स्पर्धा आधी होते. रुमानियातल्या स्पर्धेचे नाव 'सेलेक्त्सिया नात्सिओनाला', म्हणजे राष्ट्रीय निवड. ती भरवते तिथली सरकारी दूरदर्शन संस्था टीव्हीआर. थंडी सरत आली की गाणी जाहीर होतात, आणि तिथून अंतिम फेरीपर्यंत रसिकांच्या वह्या उघडतात. कुणाचे गाणे पहिले, कुणाचे बारावे, कुणाचा आवाज रेकॉर्डवर गोड आणि मंचावर बेसूर, यावर खल चालतो. या नादिष्ट मंडळींच्या रीतसर संघटनाही आहेत. त्यांचा महासंघ 1984 मध्ये फिनलंडमध्ये निघाला.

2019च्या फेब्रुवारीत माझा भाचा नोकरीनिमित्त बुखारेस्टला होता. त्याच्या आग्रहावरून मी आणि सौ. महिनाभर तिथे जाऊन राहिलो. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, त्यामुळे शेजाऱ्यांचा सहवास भरपूर. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी ही सारी यादीवाली मंडळी. चौकटीच्या वहीत रेघा मारून तक्ता काढलेला. आडव्या ओळीत गाणी, उभ्या ओळीत घरातल्या माणसांची नावे. गुण द्यायचे ते युरोव्हिजनच्याच रीतीने: पहिल्याला 12, दुसऱ्याला 10, तिसऱ्याला 8 आणि मग ओळीने 7 पासून 1 पर्यंत. ही रीत 1975 पासून चालत आली आहे. 11 आणि 9 हे आकडेच नाहीत. बँकेत तीस वर्षे आकड्यांत काढलेल्या माणसाला आधी हे विचित्र वाटले. मग त्यातली खोच कळली. पहिल्या दोन जागांना जरा जास्त मोल द्यायचे, म्हणजे द्यायचे त्याने नीट विचार करून द्यावे.

मुलगी इंग्रजी बोलायची, त्यामुळे वाद मला कळत होता. तिने एका गाण्याला 12 दिले आणि वर म्हणाली, "मला आवडते ते दुसरेच आहे. पण ते युरोपला आवडणार नाही. हे आवडेल." त्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "मग ही यादी कुणाची, तुझी की युरोपची?"

मास्तरांच्या या प्रश्नाने मला एकदम आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातली गोष्ट आठवली. जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936च्या आपल्या ग्रंथात शेअरबाजार समजावताना वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून सहा सर्वांत देखणे निवडायचे. बक्षीस त्याला, ज्याची निवड सगळ्यांच्या सरासरी निवडीशी जास्तीत जास्त जुळेल. अशा स्पर्धेत शहाणा माणूस स्वतःला देखणा वाटणारा चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता देखणा वाटेल, याचा तो अंदाज बांधतो. इतरही तेच करत असतात. शेवटी प्रत्येकजण दुसऱ्याच्या अंदाजाचा अंदाज घेत बसतो आणि चेहऱ्याकडे कुणीच पाहत नाही! राष्ट्रीय निवडीच्या गाण्यांचे हेच होते. घरच्या श्रोत्याने आपल्या कानाचे ऐकावे, की परक्या श्रोत्याच्या कानाचा अदमास घ्यावा?

17 फेब्रुवारीच्या रविवारी रात्री बुखारेस्टमध्ये अंतिम फेरी झाली. आम्ही सारे मास्तरांच्या घरी दूरदर्शनसमोर. लोकांच्या मतांत लाउरा ब्रेतान ही कोवळ्या वयाची गायिका पहिली आली. शिकागोत वाढलेली ही रुमानियन मुलगी शास्त्रोक्त ऑपेराच्या ढंगाने गाते. पण परीक्षकांच्या गुणांचे पारडे त्या वर्षी लोकांच्या मतांपेक्षा जड ठेवलेले होते. त्यांच्या गुणांनी निकाल फिरला आणि एस्तर पिओनी हिचे 'ऑन अ संडे' हे गाणे विजयी ठरले. मास्तरांच्या घरात एकच गलका. "लोकांचे मत घ्यायचेच कशाला मग?" असा मुलीचा सवाल होता.

हा प्रश्न तिथे निव्वळ गाण्यापुरता राहत नाही, हे मला हळूहळू उमगले. चाउशेस्कूच्या राजवटीत, 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात, रुमानियन दूरदर्शनची एकच वाहिनी उरली होती आणि तीही कामाच्या दिवशी दोनच तास चालायची. त्यात बराचसा वेळ नेत्याच्याच गुणगानात जायचा. 1989च्या डिसेंबरात उठाव झाला तेव्हा लोकांनी दूरदर्शनचे केंद्र ताब्यात घेतले आणि क्रांती पडद्यावरून देशभर दिसली. 1990च्या मे महिन्यात अनेक पक्षांची निवडणूक झाली. म्हणजे मास्तरांच्या पिढीला अर्धे आयुष्य ज्या पडद्यापुढे निमूट बसावे लागले, त्याच पडद्याला त्यांची मुलगी आता फोन करून आपले मत कळवत होती. ते मत मोजून बाजूला ठेवले गेले की तिला राग येणारच.

पण परीक्षकांना हटवले की प्रश्न सुटतो का? रुमानियाचा हिशेब मांडून पाहा. 2017 मध्ये निर्णय सर्वस्वी लोकांच्या मतांवर सोडला होता. आल्प्समधल्या गुराख्यांच्या योडलगाण्याला रॅपची जोड दिलेले गाणे लोकांनी निवडले आणि ते कीव्हला सातवे आले. 2018 मध्येही निर्णय लोकांचाच. पण लिस्बनला गाणे उपान्त्य फेरीतच गारद झाले. 2004 मध्ये उपान्त्य फेऱ्या सुरू झाल्यापासून मंचावर उतरलेला रुमानिया अंतिम फेरी गाठू शकला नाही, असे तेव्हा प्रथमच घडले. 2019 मध्ये परीक्षकांचा कौल चालला, आणि तेल अवीवला एस्तर पिओनीही उपान्त्य फेरीतून परतली. मग 2023 मध्ये पुन्हा सारा भार लोकांवर टाकला. त्यांनी निवडलेला तरुण गायक तेओदोर आंद्रेई लिव्हरपूलला गेला. त्या वर्षी उपान्त्य फेरीचा निकालही केवळ लोकांच्या मतांवर होता. त्याला मिळालेले गुण: शून्य.

या शून्याची उकल करण्यासारखी आहे. युरोव्हिजनमध्ये कुणालाही आपल्याच देशाला मत देता येत नाही. परंतु परदेशी गेलेला माणूस तिथे राहून मायदेशाला मत देऊ शकतो. स्पेन आणि इटलीत लाखो रुमानियन पोटापाण्यासाठी गेलेले आहेत आणि त्यांच्या मतांचा आधार रुमानियाला वर्षानुवर्षे मिळत आलेला आहे. लिव्हरपूलच्या त्या फेरीत स्पेनला मताचा अधिकार होता. तरीही तिथून एक गुण आला नाही. आपल्या माणसांनीही गाणे पहिल्या दहांत बसवले नाही. म्हणजे आपलेपणाची उधारीसुद्धा एका मर्यादेपर्यंतच चालते.

दुसरीकडे, परीक्षक म्हणजे निःपक्षपाताची खाण, असेही कुणी समजू नये. 2022च्या स्पर्धेत एका उपान्त्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांत संशयास्पद सारखेपणा आढळला, म्हणून आयोजकांनी त्यांची मते बाजूला ठेवून हिशेबाने काढलेले गुण वापरले. त्या सहांत रुमानियाचे मंडळही होते. टीव्हीआरने याचा जाहीर निषेध केला. वाङ्मयीन पुरस्कारांच्या समित्यांवर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात नवल वाटत नाही. समितीत पाच माणसे असतात, आणि पाचांना मिळून अनेकदा तेच पुस्तक चालते ज्याला कुणाचाच कडाडून विरोध नाही.

मग रुमानियाची चांगली वर्षे कोणती? 2005 मध्ये लुमिनित्सा आंगेल आणि 'सिस्तेम' यांनी कीव्हच्या मंचावर लोखंडी पिंपे बडवून ताल धरला आणि तिसरा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी अथेन्सला मिहाई त्राइस्तारियू चौथा आला. 2010 मध्ये ओस्लोला पाउला सेलिंग आणि ओवी एका जोडपियानोच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून गायले. पुन्हा तिसरा क्रमांक. 2023पर्यंतच्या प्रवासात रुमानिया याच्या वर गेला नाही. 2015चे 'वोल्ताज' या वाद्यवृंदाचे गाणे क्रमांकाने पंधरावे होते. पण त्याचा विषय होता आईबाप परदेशी मजुरीला गेल्यामुळे मागे राहिलेली मुले. ज्या देशातून एवढी माणसे बाहेर गेली, तिथे घरोघरी ओळखीचे असलेले हे दुःख. ते गाणे निम्मे रुमानियन भाषेत होते. मास्तर मला म्हणाले, "हे गाणे पंधरावे आले, हे युरोपचे गणित. माझ्या वहीत ते पहिले आहे."

आता थोडे थकबाकीविषयी, कारण तो माझा जुना विषय. 2016 मध्ये बाया मारे गावी झालेल्या निवडीत ओविदियू आंतोन जिंकला. गाणे तयार, तालमी चालू. पण टीव्हीआरकडे युरोपीय प्रसारण संघाची 1 कोटी 60 लाख स्विस फ्रँक इतकी बाकी होती, आणि तिची सुरुवात 2007 पासूनची. 20 एप्रिलची अखेरची मुदत टळली आणि 22 एप्रिलला रुमानियाचे नाव कमी केले गेले. तोवर स्पर्धेच्या गाण्यांची तबकडी बाजारात आली होती. तबकडीवर 43 गाणी, मंचावर 42 देश. बँकेत असताना मी पाहिले आहे की कर्ज थकवणारा एक असतो आणि जप्तीच्या दिवशी अंगणात रडणारे वेगळेच असतात. इथेही थकवले संस्थेने आणि शिक्षा भोगली गायकाने, आणि मत दिलेल्या लोकांनी.

त्याहून मोठी शिक्षा पुढे होती. 2023च्या शून्यानंतर पैशाच्या अडचणीचे कारण देऊन टीव्हीआरने स्पर्धेतून अंग काढून घेतले. 2024 आणि 2025 ही दोन वर्षे रुमानियाचे गाणे गेले नाही, घरची निवडही झाली नाही. भाच्याच्या हाती मास्तरांच्या मुलीचा निरोप आला होता: "या वर्षी भांडायला काहीच नाही." 2026 साठी परत येत असल्याचे टीव्हीआरने पुढे जाहीर केले, तेव्हा त्या घरातली चौकटीची वही पुन्हा निघाली असेल, याविषयी मला शंका नाही.

"भांडायला काहीच नाही" या वाक्यात मला या साऱ्या नादाचे मर्म दिसते. वाचकहो, यादी करणे ही वरवर पोरकट वाटणारी गोष्ट असली, तरी तिच्यात माणूस आपल्या आवडीखाली सही करतो. ही माझी निवड, हे माझे बारा गुण. तुम्ही हसा, पण ते माझे आहेत. आणि निकाल विरुद्ध गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याबरोबर चहा प्यायचा असतो. मतभेद पचवण्याची याहून स्वस्त तालीम दुसरी नसेल.

फक्त एक पथ्य पाळावे. माझ्या मते अशा वेळी दोन याद्या कराव्यात. एक आपल्या कानाची आणि दुसरी जगाच्या कानाच्या अंदाजाची. दुसरी चुकली तर बिघडत नाही. केन्सच्या स्पर्धेत भलेभले चुकतात. पण दुसरीची शाई पहिलीवर सांडू देऊ नये. घरात मुलगा कोणती विद्याशाखा घेतो, मुलीला कोणते स्थळ पसंत पडते, आपण कोणते पुस्तक विकत घेतो, इथपर्यंत या दोन याद्यांची सरमिसळ आपण रोज करत असतो, आणि मग आपले बारा गुण नक्की कुणाला द्यायचे होते, हेच पुढे आठवत नाही.