कळव्याच्या आधी कोपरी

एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून धडधडत जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग. चेंदणी कोळीवाडा, सिंधी कॉलनी, मीठबंदर असं करत ठाणे पूर्वेतल्या कोपरीची दाट वस्ती एवढ्याशा पट्ट्यात वसली आहे. दुखणं जरा वाढलं, की इथली रिक्षा पुलावरून पश्चिमेकडे वळते. ऐपत असेल तो खासगी इस्पितळ गाठतो, नसेल तो कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. कोपरीतच महापालिकेचं आरोग्य केंद्र आणि प्रसूतिगृह आहे, हे बऱ्याच घरांना आठवतं ते बाळाच्या लशीची तारीख आली की.

कळव्याच्या त्या रुग्णालयात ऑगस्ट 2023 मध्ये 24 तासांत 18 रुग्ण दगावले. राज्यभर गदारोळ झाला, चौकशी समिती नेमली गेली. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झाल्याने कळव्यावरचा भार वाढला होता. काही रुग्ण अत्यवस्थ झाल्यावरच तिथे पोहोचले, असं रुग्णालयाकडून सांगितलं गेलं. त्याने रुग्णालयाची जबाबदारी हलकी होत नाही. पण उशीर नेमका होतो कुठे, हे पाहायला हवं. पुष्कळदा तो रुग्णवाहिकेत होत नाही. त्याआधी कित्येक महिने घरात होत असतो. तीन आठवडे खोकला आहे आणि मेडिकलवाल्याकडून सिरप चाललं आहे. साखर दोन वर्षांत मोजलेली नाही आणि पायाची जखम भरत नाही. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केली आहे. या सगळ्यावर लागणारा डॉक्टर कळव्याला नाही, चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान 2013 मध्ये सुरू झालं, ते याच हिशेबाने. साधारण 50 हजार लोकवस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र, हा त्यातला निकष. गरोदरपणाची तपासणी, लसीकरण, साधे आजार ही कामं तर तिथे होतातच. शिवाय तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी हाही सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर थुंकीची तपासणी मोफत. क्षयरोग निघालाच तर औषधं मोफत, आणि नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिन्याला 500 ऐवजी 1,000 रुपये रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. नेहमी खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनाही याचा लाभ घेता येतो.

बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या आशाताईंची गोष्ट तर मराठी वाचकाने मुद्दाम माहीत करून घ्यावी अशी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं: वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची चाहूल ओळखणं. नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले आणि तो अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे 2011 मध्ये देशाने घरोघरच्या नवजात सेवेचा कार्यक्रम स्वीकारला. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं, असं त्याचं वेळापत्रक आहे. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आशाताईंना ‘कुणाकडे?’ म्हणून अडवतो, तेव्हा गडचिरोलीत सिद्ध झालेली गोष्ट कोपरीत दाराबाहेर उभी असते. घरात गरोदर बाई असेल तर आरोग्य केंद्रात लवकर नाव नोंदवावं. म्हणजे आशाताईंना घर शोधत फिरावं लागत नाही.

पैशांबाबत मात्र गोंधळ फार. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले, ही बातमी सर्वांनी वाचली. ती सवलत राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांसाठी होती. महापालिकांची रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं त्या निर्णयात नव्हती. कळव्याचं रुग्णालय महापालिकेचं, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातला नियम कळव्याच्या खिडकीवर सांगून वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आहे, आणि केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट राहिलेली नाही. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. भरती होताना, शक्यतो अनामत रक्कम भरण्याआधीच, त्याला गाठावं. चौकशीचा क्रमांक 155388.

लोक जवळच्या केंद्रात जात नाहीत, याचा सगळा दोष लोकांच्या माथी मारणं सोपं आहे. कोपरीतला नोकरदार सकाळची लोकल धरतो आणि अंधार पडल्यावर परततो. सकाळची ओपीडी त्याच्या काय कामाची? म्हणून शहरी केंद्रांसाठी दुपारी 12 ते रात्री 8 ही वेळ सुचवली गेली, आणि 1 मे 2023 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची कल्पनाही संध्याकाळच्या सेवेचीच होती. कागदावरची वेळ आणि दाराला लागलेलं कुलूप यांत फरक पडतो तेव्हा माणूस पुन्हा मेडिकलवाल्याकडे वळतो. केंद्राची वेळ आणि लसीकरणाचा वार आशाताईंना आधीच विचारलेला बरा. डॉक्टर किंवा औषध नसेल तर लेखी तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते.

डॉक्टर खासगी असो वा सरकारी, सगळी जुनी कागदपत्रं एका फाईलमध्ये लावलेली असली तर त्याचं अर्धं काम हलकं होतं. चालू गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाकून न्यावीत. ‘ती पांढरी, छोटी गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही. आणि छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, श्वास लागणं अशा वेळी केंद्राचा विचारच करू नये. राज्यात 2014 पासून सुरू असलेल्या 108 क्रमांकाला फोन लावावा, पत्त्यासोबत जवळची ठळक खूण सांगावी आणि घरातल्या एकाला खाली रस्त्यावर उभं करावं. कोपरीच्या गल्ल्यांत रुग्णवाहिकेचा बराच वेळ वळणावर वाट विचारण्यात जाऊ शकतो.