दूरची पेढी, जवळची माणसे

जळगावहून भुसावळकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर नशिराबाद लागते. आज हे गाव जळगावच्या सावलीत दिसते. परंतु ब्रिटिश अमदानीत जुन्या खानदेश जिल्ह्याचा एक तालुका याच गावाच्या नावाने ओळखला जाई आणि जळगाव हे त्या तालुक्यातील एक गाव होते. पुढे रेल्वे आणि कापूस यांनी जळगावला मोठे केले. व्यापाराची वाट बदलली की गावांचे भाग्य बदलते, हे येथील माणसास नव्याने सांगावे लागत नाही.

आता कामाचीच वाट बदलली आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारी मुले खानदेशातील गावोगावी आपापल्या घरी परतली. त्यांतील काहींचे काम पुढेही घरूनच चालू राहिले. आई-वडिलांस समाधान वाटते : मुलगा डोळ्यांसमोर आहे, घरचे सात्त्विक अन्न मिळते, भाडे वाचते. मात्र दार लावून दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या त्या मुलाचे सहकारी कोण, त्यांच्या घरी कोण आजारी आहे, याचे उत्तर बहुधा त्यालाही देता येत नाही. घर भरलेले असते. कामात मात्र तो एकटा असतो.

ही केवळ भावनेची बाब नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अमेरिकेतील 61 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या 2020 च्या पहिल्या सहामाहीतील कामकाजाचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांनी घरून काम सुरू केल्यावर माणसे आपापल्या लहान गटांत अधिक बंदिस्त झाली आणि निरनिराळ्या विभागांना जोडणारे दुवे कमी झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. ओळखीतल्यांशी संपर्क टिकतो. नवी ओळख होणे थांबते. नव्याने रुजू झालेल्या तरुणाचे नुकसान यात सर्वांत अधिक, हे उघड आहे.

दूर राहून एकत्र काम करणे आपल्या समाजाला मात्र नवे नाही. मारवाडातून ‘दिसावर’ निघालेल्या कुटुंबांनी खानदेशात दुकाने मांडली तेव्हा मूळ गाव, मुख्य पेढी आणि आडत्या यांच्यात शेकडो मैलांचे अंतर असे. मालक आणि गुमास्ता यांची वर्षानुवर्षे गाठ पडत नसे. तरीही लाखोंचे व्यवहार हुंडीच्या एका कागदावर चालत.

हुंडीची रचना पाहण्यासारखी आहे. तिचा आरंभ रकमेने नव्हे, तर मंगलवचनाने आणि समोरच्या व्यापाऱ्यास केलेल्या नमस्काराने होई. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शाहा’च्या हातीच पडत, म्हणजे ओळख हाच पुरावा. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून दिली जाई. सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे ‘जिकरी चिठ्ठी’. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती नाकारली, तर त्या गावातील दुसऱ्या परिचिताने ती स्वीकारावी, अशी विनंती या चिठ्ठीत असे. परगावी अडलेल्या माणसासाठी एक दार आधीच उघडे ठेवलेले असे. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही.

‘बासा’ ही अशीच एक सोय. परमुलुखातील मोठ्या बाजारपेठेत एकटा आलेला मारवाडी तरुण अशा सामायिक भोजनगृहात जेवे. तेथे अन्नाबरोबर बाजारभाव, नोकरीची खबर आणि वडीलधाऱ्यांचा सल्लाही मिळे.

त्या व्यवस्थेत दोषही होते. गुमास्त्याचे कुटुंब मागे राही आणि विश्वासाचे वर्तुळ प्रायः जात-नात्यापुरते असे. आजचा सहकारी केरळचा असेल, आसामचा असेल, अन्य धर्माचा असेल. म्हणून जुने ते जसेच्या तसे नको; त्यामागील दृष्टी हवी.

हा विचार केवळ नोकरदार मुलांसाठी नाही. आज अनेक व्यापारी कुटुंबांचे हिशेब दुसऱ्या गावातील लेखापाल घरी बसून लिहितो, जीएसटीचे विवरण तिसऱ्याच शहरातून भरले जाते. त्यांच्याशी आपले बोलणे कसे असते? रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर ‘ताबडतोब पाठवा’ एवढा हुकूम, आणि चूक झाली तर सर्वांसमक्ष समूहावर जाब. आपल्या पूर्वजांनी अनोळखी व्यापाऱ्यासही नमस्काराविना हुंडी लिहिली नाही, हे येथे आठवावे.

उपाय साधे आहेत. आठवड्यातून एकदा कामाव्यतिरिक्त फोन करावा. नव्या माणसास एक अनुभवी सोबती नेमून द्यावा. हीच आजची जिकरी चिठ्ठी. चूक एकांतात सांगावी, कौतुक सर्वांसमोर करावे. वर्षातून एकदा, निदान दिवाळीच्या वहीपूजनास, सर्वांना एका पंक्तीस बसवावे. सहकाऱ्याचे नियम जाणून घ्यावेत. कोणी चौविहार पाळत असेल तर सूर्यास्ताच्या वेळी बैठक ठेवू नये. कोणाचा रोजा असेल तर तेही ध्यानात ठेवावे.

जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, हा तत्त्वार्थसूत्रातील विचार आपण प्रतीकचिन्हाखाली नित्य पाहतो. संवत्सरीस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना आपण सग्यासोयऱ्यांची यादी काढतो आणि एकच संदेश शंभर जणांना पाठवतो. यंदा त्या यादीत वर्षभर पडद्यापलीकडून आपले काम करणारा एक माणूस घ्यावा. संदेश न पाठवता त्याला फोन करावा, कोणत्या दिवशी आपण कठोर बोललो ते नेमके सांगावे आणि क्षमा मागावी. ताळेबंदात या नोंदीला रकाना नाही; परंतु पेढीची पत अशाच नोंदींवर उभी असते.